दोन्हीकडून एकेक टक्का

तुम्हाला म्हणून सांगतो, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी घरं विकायला निघालो ते काही पैशाच्या हावेनं नव्हे. अख्खं भोपाळ आपल्याला ओळखतं, असा माझा एक गोड समज होता. आमच्या गणपतीचं पावतीपुस्तक गेली कित्येक वर्षं माझ्याच हातात. आता जो माणूस कोलार रोडपासून भेलच्या क्वार्टरांपर्यंत जिने चढून वर्गणी काढून आणतो, त्याला गिऱ्हाइकांची काय ददात पडणार? मला जिन्यात पाहून लोक आतले दिवे मालवतात, हे कळायला धंदा सुरू व्हावा लागला.

पण सुरुवात अगदी शास्त्रशुद्ध केली हं. 2016च्या रेरा कायद्यानं दलालालाही नोंदणी सक्तीची केली आहे. विनानोंदणी धंदा केलात तर दिवसाला 10,000 रुपये दंड. दिवसाला दहा हजार भरण्याची आपली ऐपत आहे असं निदान सरकारला तरी वाटतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. प्रमाणपत्र आलं, ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं, आणि दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकूही वाहिलं. घरात दुसरं शस्त्र नव्हतं.

एमपी नगरातल्या एका मुरलेल्या दलालानं मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, विकणारा आणि घेणारा, दोन्हीकडून एकेक टक्का मागायचा. दुसरी, "भाई साब, जितना पूछें, उतना ही बताना." पहिली माझ्या तोंडून निघत नाही आणि दुसरी तोंडात राहत नाही. त्यामुळे कटारा हिल्सच्या एका फ्लॅटवर नवराबायको अगदी खुशीत देव्हारा कुठल्या भिंतीला येईल ते ठरवत असताना, काही कारण नसताना, मी त्यांना कार्पेट एरिया समजावून सांगायला घेतला: बाहेरच्या भिंती वजा, बाल्कनी वजा, जिना-लिफ्ट तर मोजायचेच नाहीत, खोल्यांमधल्या आतल्या भिंती मात्र धरायच्या, आणि बिल्डरच्या कागदावर जो आकडा दिसतोय तो सुपर बिल्टअप, त्यात तुमच्या वाट्याचा व्हरांडाही आला. मी खिशातून टेपही काढली. तासाभरात घर एवढं आक्रसलं की वहिनींना त्यात देव्हारा सोडाच, स्वतःची जाऊही मावेना. बिल्डरचा पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, आप किसकी तरफ से हो?"

मग जाहिरात. होशंगाबादचं 2022 साली नर्मदापुरम झालं, तेव्हा आपणही काळाबरोबर राहावं म्हणून मी व्हॉट्सॅपवर टाकलं, 'नर्मदापुरम रोडवर शांत, हवेशीर प्लॉट'. गावात अजून सगळे होशंगाबाद रोडच म्हणतात, पण आमचे गिऱ्हाईक जबलपूरचे, त्यांनी नावात नर्मदा पाहून नदी आलीच असं धरलं. नर्मदा तिथून पुष्कळ लांब, हे त्यांना मी मिसरोदच्या पुढे, एका वीटभट्टीच्या धुरात उभा राहून सांगितलं. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता.

शेवटी अरेरा कॉलनीतल्या काकांचा ड्युप्लेक्स मिळाला. काका मुलाकडे बंगळूरला निघालेले, आणि घेणारे तुलसीनगरच्या सरकारी क्वार्टरातले साहेब, निवृत्तीला आलेले, क्वार्टर सोडायची घाई. किंमत जवळपास ठरलेली. दोन्हीकडचा एकेक टक्का मी घरून निघतानाच मनातल्या मनात बायकोला देऊन टाकला होता. दोन्ही पार्ट्या समोरासमोर बसवल्या, बॅगेतून करारनाम्याचा मसुदा काढला, पेनाचं टोपण उघडलं, तेवढ्यात काकूंनी चिवड्याच्या बशा मांडता मांडता सहज विचारलं, "तुमचं मूळचं नागपूर का हो?"

इथंच मी बॅग आवरून उठायला हवं होतं. 1 नोव्हेंबर 1956ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरची भोपाळला आली, आणि तिकडच्या सचिवालयातली मराठी मंडळी फायलींसकट इकडे टी. टी. नगरात येऊन पडली. त्यामुळे भोपाळात दोन मराठी माणसं एका सोफ्यावर अर्धा तास बसवली, तर नातं निघाल्याशिवाय राहत नाही. काका नागपूरच्या महालातले. साहेबांचे वडीलही महालातले. दोघांचे वडील एकाच सेक्शनला. मग कुणाची तरी आत्या निघाली, जी कुणाच्या तरी मावशीच्या दिरालाच दिलेली. काकूंनी आतून अल्बम आणला, करारनाम्यावर अल्बम ठेवला, अल्बमवर चिवड्याची बशी ठेवली. दुसऱ्या चहाला साहेब काकांना "दादा" म्हणत होते. तिसऱ्या चहाला दादांनी आपण होऊन दोन लाख सोडले.

आणि मग काका माझ्याकडे वळून अत्यंत प्रेमानं म्हणाले, "आता घरातल्या घरात दलाली कसली रे?"

आता इथं काय बोलायचं, ते मी आरशासमोर पाठ केलेलं होतं. कायदा, नोंदणी, मेहनत, पेट्रोल, सगळे मुद्दे क्रमानं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "छे छे, काहीतरीच काय काका!"

वर आणखी चिवडा घेतला.

त्यानंतर रजिस्ट्रीचा स्लॉट मी घेतला, कलेक्टर गाइडलाइनचा दर काढून स्टॅम्प ड्यूटीचा हिशेब मी केला, नगर निगमात नामांतरणाच्या खेपा मी घातल्या, वीजबिलावरचं नाव मी बदलून आणलं, आणि काकांच्या ट्रकात तुळशीवृंदावन चढवताना माझीच कंबर लचकली. वास्तुशांतीला आम्हा दोघांना अगत्याचं आमंत्रण होतं. बायकोनं आहेराचं पाकीट भरलं तेव्हा त्यात किती घातले ते मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "एक टक्का."

काका मात्र माणूस फार मोठ्या मनाचा. बंगळूरला बसून ते ओळखीपाळखीत सगळ्यांना माझा नंबर देतात. "पोरगा गुणी आहे, कागदपत्रांत पक्का, आणि मुख्य म्हणजे पैसे घेत नाही." गिऱ्हाईक कुठून आणू ही विवंचना आता मला राहिलेली नाही. सकाळी सातला फोन सुरू होतात: चूना भट्टीहून, अवधपुरीहून, इंदूरहून.

काल तर पुण्याहून आला.