पीएनआर तीन, काकू एक

पीएनआर ही चीज आमच्या कारंजा लाडला रेल्वेनं शिकवली. दहा आकडे, शेजारी वेटिंग लिस्टचा नंबर, आणि गाडी सुटेपर्यंत तो नंबर किती खाली सरकला हे बघत बसायचा छंद. त्यामुळे शेजारच्या काकूंना लेकानं शिकागोचं तिकीट पाठवलं तेव्हा गल्लीनं आधी तेच विचारलं, "कन्फर्म हाय न बाप्पा? वेटिंग त नाही?" दुसरी चौकशी लोअर बर्थची झाली.

विमानाचा पीएनआर सहाच खणांचा. त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे कसेही मिसळलेले असतात, आणि फोनवर बी, डी, पी, टी, व्ही हे सगळे एकाच आवाजात बोलतात. काकांनी त्यावर तोडगा काढला. कॉल सेंटरच्या मुलीला ते ठासून सांगत होते, "एम फॉर मुर्तिजापूर, के फॉर कारंजा, डब्ल्यू फॉर वाशिम." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तिनं विचारलं, "सर, मुर्तिजापूर एम से या एन से?" वऱ्हाडाचा एवढा अपमान काकांनी कधी ऐकला नव्हता.

पीएनआर म्हणजे प्रवाशाच्या नावाची नोंद. पूर्वी अमेरिकेतही ही नोंद हातानं, कार्डांवर होत असे. १९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात दोन स्मिथ शेजारीशेजारी बसले. एक अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ, दुसरे आयबीएमचे विक्रेते ब्लेअर स्मिथ. आडनावावरून ओळख निघाली, गप्पा धंद्यावर गेल्या आणि त्यातून पुढे 'सेबर' ही संगणकावरची आरक्षण व्यवस्था उभी राहिली. एकाच आडनावाची दोन माणसं भेटली की आपल्याकडे मूळ गाव आणि गोत्र निघतं. तिकडे कॉम्प्युटर निघाला.

नावाच्या या नोंदीत काकूंचं आडनाव आधी होतं, मग तिरकी रेघ, मग पासपोर्टप्रमाणे त्यांचं आणि काकांचं नाव एकमेकांना चिकटून, आणि शेवटी त्यालाच जोडलेलं एमआरएस. काका घरीच राहणार होते, पण तिकिटावर होतेच. "जातो मी अन् बसते हे," काकू म्हणाल्या.

खरा घोळ पुढे झाला. लेकानं पाठवलेल्या कागदावर पीएनआर एक नव्हता, तीन होते. सगळ्यात वरचा, ठळक अक्षरांतला, काकांनी विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. उत्तर आलं, अशी नोंद सापडत नाही. घरात सुतक पडल्यासारखं झालं. लेकाला फसवलं, पैसे बुडाले, इथपर्यंत गल्लीनं निकाल लावला.

कारण अगदी साधं होतं. वरचा पीएनआर तिकीट काढून देणाऱ्या एजंटच्या वहीतला. नागपूर–मुंबई उडवणाऱ्या कंपनीची वही वेगळी, मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शिकागोला नेणाऱ्या कंपनीची वेगळी. प्रवास तोच, पण प्रत्येकीनं आपापल्या वहीत आपापला नंबर घातलेला. ज्या कंपनीच्या दारात उभं राहायचं, तिचाच नंबर तिथं चालतो. तो बहुतेक वेळा कागदाच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत असतो.

आणि पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. तिकिटाचा नंबर तेरा आकडी. त्याचे पहिले तीन आकडे सांगतात की तिकीट कोणी दिलं: ०९८ असेल तर एअर इंडिया, २२० असेल तर लुफ्तांसा. बसायचं विमान दुसऱ्याच कंपनीचं असू शकतं. जुन्या कागदी तिकिटाला मागे लाल कार्बन असे आणि एका पुस्तिकेत, विमानामागे एक अशी, जास्तीत जास्त चार कुपनं मावत. २००८ च्या जून महिन्यापासून कागद गेला, पण चार कुपनांचा हिशेब कॉम्प्युटरमध्येही तसाच राहिला. काकूंची जाऊन-येऊन सहा विमानं, म्हणून तिकिटाचे नंबर दोन. काकांना वाटलं पैसे दोनदा कापले. पण नंबर लागोपाठचे होते. तसं असलं की ते एकच जोडतिकीट समजायचं.

कुपनं क्रमानंच वापरावी लागतात, हे आपल्या माणसाच्या पचनी पडत नाही. काकांनी बेत आखला होता की नागपूरचं विमान सोडून द्यायचं, मुर्तिजापूरहून रात्रीची मुंबई गाडी धरायची, दादरला पुतण्याकडे दोन दिवस राहायचं आणि तिथून विमानतळ गाठायचा. सोय उत्तम होती, कारंज्याहून मुर्तिजापूर जवळही. पण पहिलं कुपन न सांगता सोडलं की पुढची विमानं, परतीसकट, सहसा रद्द होतात. कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही. लेकानं हे सांगितल्यावर काका म्हणाले, "काहून? पैसे त भरले न आपन?" याला माझ्याकडे उत्तर नाही. नियम आहे, आणि मला तो अजूनही अन्यायाचाच वाटतो.

एक तिकीट आणि दोन तिकिटं यांतला फरक मात्र कारंज्याच्या जुन्या माणसाला फोड करून सांगावा लागू नये. यवतमाळहून निघालेली शकुंतला कारंज्यावरून अडीच फुटी रुळांवर मुर्तिजापूरला जायची. १९९४ सालापर्यंत ती वाफेच्या इंजिनावर होती आणि घाई हा तिचा स्वभाव नव्हता. मुर्तिजापूरला साडेपाच फुटी रुळांवरची मोठी गाडी. शकुंतला रेंगाळली म्हणून मेल थांबल्याचं ऐकिवात नाही. दोन वेगवेगळ्या तिकिटांवर विमानं जोडली की तेच होतं. पहिलं उशिरा पोचलं तर दुसरं निघून जातं, आणि नवं तिकीट आपल्या खिशातून. एकाच तिकिटावर सगळी विमानं असतील आणि आधीच्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं, तर पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची. म्हणून दोन हजार रुपये वाचतात एवढ्यावरून दोन तिकिटं काढणाऱ्या हुशार पोरांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. त्यांचं वय पळत सुटायचं आहे, आईचं नाही.

सामानाचं शेपूट आणखी वेगळं. बॅगेला शेवटच्या मुक्कामापर्यंतची चिठ्ठी लागली तरी पुढचं विमान धरायचं असेल, तर अमेरिकेत सहसा पहिल्या विमानतळावर बॅग उचलून कस्टममधून न्यावी लागते. येताना तीच गत साधारणपणे मुंबईला. चिठ्ठीवर नागपूर लिहिलंय म्हणून काकू तशाच पुढे चालू लागल्या, तर सरगुंडे आणि कुरडयांच्या जागी भरून आणलेली चॉकलेटं पट्ट्यावर फिरत राहतील.

तेव्हा परदेशातल्या पोरांनो, आईला नुसता पीएनआर पाठवू नका. तिकीट एक की दोन, कोणत्या काउंटरवर कोणता नंबर दाखवायचा, बॅग कुठं उचलायची, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका कागदावर लिहून द्या. आणि नागपूरला उतरल्यावर समृद्धी महामार्गानं कारंज्यापर्यंत घेऊन कोण येणार, त्याचा फोन नंबरही त्याच कागदावर घाला. तेवढा टप्पा कुठल्याच तिकिटात नसतो.