एक गाणं, दोन मांडव

धान कापून झाले, दिवाळी सरली की आमच्या दिघोरीकडे मंडया, म्हणजे जत्रा, लागतात. मंडईला आलेल्या पाहुण्यांना रात्रभर बसवायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीने फार पूर्वीच शोधलंय: नाटकाच्या मांडवात. पण एक नाटक पुरत नाही. एका मंडळाने वडशाची नाटक कंपनी ठरवली की दुसरं मंडळ वडशाचीच दुसरी ठरवतं आणि दोघांचे भोंगे एकमेकांकडे तोंड करून बांधले जातात.

'सैराट' आला त्या वर्षी, म्हणजे २०१६ च्या हंगामात, दोन्ही मांडवांत 'झिंगाट' वाजलं. नाटकात त्याची जागा होती का, हे विचारायचं नसतं. एकीकडे सासूने छळ जरा वेळ थांबवला, सून नाचून गेली, छळ पुढे सुरू. मी दोन मांडवांच्या मधल्या चहाटपरीवर बसलो होतो. तिथे प्रत्येक ओळ अर्ध्या ओळीच्या अंतराने दोनदा ऐकू यायची. संगीतकार अजय-अतुल 'सैराट' चित्रपटाच्या संगीतासाठी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करायला थेट लॉस एंजेलिसला गेले होते. दिघोरीत एवढा भरगच्च परिणाम एका चहात मिळत होता.

"कोनाचं भारी होऊन राहिलं गा काकाजी?" मी शेजारी विचारलं.

"आपल्या मंडळाचं. पन आपलं कोनतं, तेच समजून नाही राहिलं बाप्पा."

हेच भांडण अमेरिकेतल्या पोर्टलंड गावात १९६३ च्या एप्रिलमध्ये झालं होतं. गाण्याचं नाव 'लुई लुई'. रिचर्ड बेरी या गायकाने १९५७ साली काढलेलं साधंसुधं गाणं: एक खलाशी दारूच्या गुत्त्यातल्या लुईला सांगतोय की मला माझ्या पोरीकडे परत जायचंय. बेरीने पुढे त्याचे हक्क साडेसातशे डॉलरला विकून टाकले. गावातल्या 'किंग्जमेन' नावाच्या पोरांच्या बँडने ते ध्वनिमुद्रित केलं आणि आठवडाभरातच त्याच स्टुडिओत 'पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स' या प्रतिस्पर्धी बँडनेही केलं. हे रेडर्स पुढे स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे झालरीचे कोट घालून वाजवायचे. आपल्या वरातीतल्या बँडवाल्यांकडे बघून कुणी हसत असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावं.

रेडर्स अधिक तयारीचे. आधी त्यांचंच गाणं त्या भागात चाललं. किंग्जमेनचं ध्वनिमुद्रण म्हणजे सगळा आनंद. माइक छताजवळ टांगलेला. गायक जॅक इली दातांना तारा लावलेला पोरगा, टाचा उंचावून, मान वर करून ओरडतोय. त्यात गिटारचा तुकडा संपल्यावर तो कडव्यात घाईने शिरला, चूक कळताच गप्प झाला आणि ढोलवाल्याने मधली फट थापांनी बुजवली. ती चूक तशीच छापली गेली. आजही हे गाणं वाजवणारे कित्येक बँड ती चूक मुद्दाम, घोटून, बरोब्बर करतात!

बॉस्टनच्या एका रेडिओवर ही तबकडी 'आठवड्यातलं सगळ्यात वाईट गाणं' म्हणून लावली गेली, असं सांगतात. झालं. दुकानांत मागणी सुरू. रेडर्सचे शब्द कळत होते, हा त्यांचा दोष ठरला असावा. किंग्जमेनचे कळत नव्हते, म्हणून ते नक्कीच घाणेरडे असणार, अशी पोरांची खात्री आणि पालकांची भीती. १९६४ साली इंडियानाच्या गव्हर्नरने त्यावर हरकत घेतली. मग एफबीआय कामाला लागली. सरकारी माणसं ती तबकडी कमी वेगात, जास्त वेगात फिरवत बसली. शंभराहून अधिक पानांची फाइल झाली आणि निष्कर्ष निघाला की शब्द कुठल्याही वेगात कळत नाहीत. आमच्या टपरीवर हे एका भोंग्यात ठरलं असतं. गंमत म्हणजे ज्याच्या तोंडून ते शब्द निघाले, त्या इलीला कुणी विचारलंच नाही. तो तोवर बँडमधून बाहेर पडला होता. बँडचं नाव ढोलवाल्याच्या घरच्यांनी नोंदवून ठेवलं होतं, तेव्हा ढोलवाला म्हणाला, यापुढे मीच गाणार. गाणं गाजलं इलीच्या आवाजात, मंचावर दिसायचा ढोलवाला. वडशात या कथेवर तीन अंकी सहज उभं राहील, मध्ये दोन लावण्या टाकून.

बेरीला ऐंशीच्या दशकात हक्काचा मोठा वाटा परत मिळाला, हे एक बरं झालं.

तर एवढं सगळं होऊन 'लुई लुई' अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पहिलं आलं का? नाही. दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. १९६३ च्या डिसेंबरात वर ठाण मांडून बसली होती बेल्जियमची एक गाणारी नन, फ्रेंचमधलं 'डॉमिनिक' घेऊन. तिच्या गाण्यातलाही शब्द बहुतेक अमेरिकेला कळत नव्हता. पण ती पडली नन. तिची तबकडी वेगवेगळ्या वेगांत फिरवून बघायची कुणाची छाती होणार?