व्योममित्रा आधी जाऊ दे

इस्रोच्या गगनयानातून पहिली जाणार आहे ती व्योममित्रा. जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूत लोकांसमोर आलेली, कमरेपासून वरचाच देह असलेली ही यंत्रस्त्री. आपले अंतराळवीर तिच्यानंतर. मग कल्याण लोकलमध्ये कुणीतरी विचारतंच : उद्या सगळं यंत्रंच करणार असतील, तर माणसाचं तिथे काम काय?

माझं उत्तर सरळ आहे. चंद्रापलीकडे आजवर गेली ती यंत्रंच, आणि पुढेही त्यांनाच जाऊ द्यावं.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. ५.४४ ला चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरचं उतरणं सुरू झालं, ६.०४ ला पाय टेकले. त्या वीस मिनिटांत इस्रोचे शास्त्रज्ञही डोंबिवलीतल्या घराघरांसारखे पडद्याकडेच बघत होते. उंची मोजणं, वेग कमी करणं, खड्डे टाळून जागा निवडणं, सगळं विक्रमनेच केलं. चंद्राचा निरोप सव्वा सेकंदात तरी येतो. मंगळाचा यायला ३ ते २२ मिनिटं लागतात. इथून ‘थांब’ म्हणेपर्यंत तिथली गाडी दरीत गेलेली असेल. यंत्राला स्वतःची अक्कल द्यावीच लागते.

माणसाच्या बाजूने एक मुद्दा मात्र भक्कम आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे दोघे चंद्रावर तीन दिवसांत सुमारे ३५ किलोमीटर गाडीने फिरले. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला ४५ किलोमीटर कापायला चौदा वर्षं लागली. त्या दोघांतला हॅरिसन श्मिट भूशास्त्रज्ञ होता. करड्या धुळीत त्याला नारिंगी माती दिसली आणि तो तिथेच थबकला. ही नजर अजून कुठल्याही रोव्हरला आलेली नाही.

तरीही मी यंत्राच्याच बाजूने मत देईन. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. गगनयान कार्यक्रमाची मंजूर रक्कम, भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून, २०,१९३ कोटी. भागाकार करा : बत्तीस चांद्रयानं. अंतराळवीर शुभांशू शुक्ला अठरा दिवस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून आले याचा मलाही अभिमान आहे. पण माणूस पाठवायचा म्हणजे त्याची हवा, पाणी, अन्न पाठवायचं, किरणोत्सारापासून त्याला जपायचं आणि सुखरूप परत आणायचं. खर्चाचा मोठा वाटा त्यातच जातो. चांद्रयान-३ चा रोव्हर प्रज्ञान होता २६ किलोचा. त्याला परत आणायचं नव्हतं.

यंत्रं आपल्याला बाजूला सारतील, ही भीती मराठी वाचकाला नवी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मधला यंत्रमानव धोक्याचा ठरतो तो स्वतःसारखे आणखी घडवायला निघतो म्हणून. तिथे लगाम हवाच. पण मंगळावर दगड फोडणारं यंत्र आपलं काही हिरावून घेत नाही.

आपलं जे आहे ते इथेच, कर्जतच्या गाडीने तासाभरात गाठता येतं. वांगणीला खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे रात्रभराचे कार्यक्रम वर्षानुवर्षं होत आले आहेत. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीची छायाचित्रं खिशातल्या फोनवर असतानाही माणसं तिथे सतरंजीवर उताणी पडून पहाटेपर्यंत जागतात. दुर्बिणीतून शनीची कडी पहिल्यांदा दिसलेलं पोर पुन्हा रांगेत उभं राहतं. प्रवास यंत्राने करावा. हे बघणं त्याला सोपवता येत नाही. पुढचं यान कुठे पाठवायचं हे ठरवणारा इंजिनिअर याच रांगेतून येणार आहे.

आणि नेमकं तेच आभाळ आपण घालवतो आहोत. ठाण्यात आकाशगंगा दिसत नाही, कल्याण-डोंबिवलीत नाही, आणि बदलापूरपर्यंत चढलेल्या इमारतींचा उजेड आता वांगणीच्या क्षितिजावरही चढतो आहे. यावर उपाय आहे, आणि त्याला इस्रोची गरज नाही. रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकण हवं, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडेल. होर्डिंगचे दिवे खालून वर मारायचे नाहीत. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिकांनी नवे दिवे बसवतानाच ही अट घालावी. गृहसंकुलांनी गच्चीवरचे आणि भिंतींवरचे शोभेचे दिवे रात्री दहानंतर बंद करावेत, निदान अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी तरी.