लेख तयार आहे, फक्त…

दिवाळी अंकाच्या संपादकाला भाद्रपदात सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे 'लेख तयार आहे, फक्त…' या 'फक्त'च्या पुढे पूर्वी पाहुणे असत, पडसं असे, गावाकडची जमीनमोजणी असे. आता तिथे कॉम्प्युटर असतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. त्या वेळच्या लेखकांपाशी कारणं किती तुटपुंजी असतील! दौत सांडली, टाक मोडला, की संपला साठा.

आजचे लेखकराव त्या मानाने श्रीमंत आहेत. ते डोंबिवलीत राहतात, सांगलीत राहतात, पर्वरीत राहतात आणि मुलीकडे गेले की न्यू जर्सीतही राहतात. वय पन्नाशी ते पंच्याहत्तर, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर दुसरा. वर्षाला दोन-तीन दिवाळी अंकांत हजेरी. संपादकांचं पत्र जूनमध्ये येतं. त्यात 'पंधराशे शब्द, ३१ जुलैपर्यंत, युनिकोडमध्ये' अशा तीन अटी असतात. लेखकराव त्याच दिवशी होकार कळवतात आणि तिन्ही अटी विसरून जातात.

जुलै विषय मुरवण्यात जातो, श्रावण उपासात. गणपती गावाला गेले की लेखकराव कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं आवरण काढतात. ज्या यंत्रावर अकरा महिने रेल्वेचं रिझर्वेशन आणि नातवाचा पत्त्यांचा खेळ यापलीकडे काही झालेलं नाही, त्याने आता एका रात्रीत साहित्य द्यायचं असतं.

यंत्र सुरू होताच स्वतःची कामं काढतं. आषाढी एकादशीपासून ते 'अपडेट करू का?' असं अदबीने विचारत असतं आणि लेखकराव दर वेळी 'नंतर' या बटणावर टिचकी मारून सुटका करून घेत असतात. अपडेट म्हणजे सावकाराचं व्याज, पुढे ढकललं की साठत जातं. मग वाढीव मुदतीच्या ऐन रात्री पडदा निळा होतो, मधोमध गोल गोल ठिपके फिरू लागतात आणि 'कॉम्प्युटर बंद करू नका' अशी तंबी मिळते. टक्केवारी तिसावर येऊन थांबते. लेखकराव चहा करून आणतात, तरी तीसच. "दहावीला मला गणितात एवढेच होते," असं ते सौभाग्यवतींना सांगतात. त्या झोपलेल्या असतात.

अपडेट संपतं तेव्हा डिस्क भरलेली निघते. लेखकरावांनी आयुष्यात जेमतेम दीडशे लेख लिहिले. ते सगळे मिळून एका फोटोएवढीही जागा घेत नाहीत. मग जागा खाल्ली कुणी? उगवता सूर्य, गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' अशा चित्रांनी. व्हॉट्सॲपवरून आलेलं प्रत्येक चित्र कॉम्प्युटरवर आपोआप उतरत होतं. लेखकराव ती पुसायला बसतात, पण पुसण्याआधी प्रत्येक उघडून पाहतात. त्यात दीड तास जातो.

यानंतर खरं नाटक सुरू होतं. त्याचं नाव फॉन्ट.

इथे मात्र लेखकरावांना हसण्याआधी जरा त्यांची बाजू ऐकायला हवी. ते मराठी टायपिंग चार वेळा शिकले आहेत. पहिल्यांदा सरकारी परीक्षेसाठी टाइपरायटरवर. तिथे अर्धं अक्षर आधी मारायचं आणि मग त्याला काना जोडून पूर्ण करायचं, एखाद्या गरिबाला काठी द्यावी तसं. मग इनस्क्रिप्ट कळफलक आला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. नव्वदच्या दशकात डीटीपीवाल्यांच्या नादाने त्यांनी श्रीलिपी घेतलं. शेवटी मुलाने मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायला शिकवलं. आता घाई झाली, की बोटं चारही पद्धती एकदम चालवतात आणि पडद्यावर पाचवीच भाषा उमटते.

जुन्या फॉन्टची गंमत अशी, की त्या फाइलमध्ये मराठी नसतंच मुळी. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, की मुखवटा गळून पडतो. लेखकरावांनी आपला दहा वर्षांपूर्वीचा, आजोळावरचा, संदर्भाला हवा असलेला लेख मुलाच्या नव्या लॅपटॉपवर उघडला तेव्हा असंच झालं. जन्मभर मराठीखेरीज एक ओळ लिहिली नाही असा ज्यांचा बाणा, त्यांना कळलं, की आपलं आजोळ मुळात स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या खुणांनी लिहिलेलं होतं.

युनिकोडने हा मुखवट्याचा धंदा मोडला. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. पण छापखान्यातला डीटीपीवाला पेजमेकरवर काम करतो. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची आणि तिला युनिकोड कळत नाही. म्हणून संपादक लेख युनिकोडमध्ये मागवतात आणि डीटीपीवाला तो कन्व्हर्टरमधून काढून पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये नेतो. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना क आधी साठवला जातो, वेलांटी नंतर. जुन्या फॉन्टमध्ये दिसतं तसं, वेलांटी आधी आणि क नंतर. या उलटापालटीत एखादी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि तिथेच राहते, बदली झालेल्या तलाठ्यासारखी.

सगळ्यात जास्त हाल होतात ते अर्ध्या 'ऱ'चे. मराठीचं त्याच्यावाचून अडतं. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून बऱ्याच कन्व्हर्टरांना तो ठाऊकच नसतो. ते त्याचा सरळ रफार करून टाकतात. मग लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यांऐवजी आचार्यांनी जिलब्या तळल्या असं छापून येतं, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण दिवाळी अंकात आचार्य काहीही करू शकतात.

हे सगळं लेखकरावांना माहीत आहे. म्हणून ते फोनवर अधिकारवाणीने सांगतात, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे हो." संपादक हे वाक्य त्या दिवसात सातव्यांदा ऐकत असतात. पहिल्या सहांपैकी निदान दोघांनी लेखाची पहिली ओळही लिहिलेली नसते. फॉन्ट हे असं दुखणं आहे, की ते खरं असतं तेव्हाही खोटं वाटतं.

लेखकरावांचं मात्र खरं असतं. रात्री एक वाजता, अकराशे शब्द झालेले असताना, वीज जाते. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी तीन वर्षांपूर्वी मेली आणि आता त्याचा उपयोग टेबलाखाली पाय ठेवायला होतो. दिवे येतात तेव्हा वर्ड विचारतं, वाचलेली फाइल उघडू का? ते आपणहून दर दहा मिनिटांनी एक प्रत बाजूला ठेवतं. लेखकराव घाबरून 'नको' म्हणतात.

सकाळी भाचा येतो.

"मामा, सेव्ह केलं होतं का?"

"पेनाने लिहिताना कधी सेव्ह करावं लागतं का रे?"

भाचा मग बॅकअपचं महत्त्व सांगू लागतो. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या वेळी, १९९८ साली, पिक्सार स्टुडिओत कुणाच्या तरी हातून चुकीची आज्ञा गेली आणि महिनोन् महिने केलेलं काम भराभर पुसलं जाऊ लागलं. बॅकअप पाहिला, तर तोही नीट होत नव्हता. शेवटी चित्रपट वाचला तो एका कर्मचारी बाईंमुळे. घरी तान्हं बाळ, म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. लेखकराव गोष्ट मन लावून ऐकतात. "म्हणजे एवढ्या मोठ्या लोकांचंही होतं तर," म्हणतात आणि संपादकांना फोन करून हाच दाखला देतात.

पण संपादक वाचलेले निघतात. कार्लाइलने फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाचा पहिला खंड मित्राला, जॉन स्टुअर्ट मिलला, वाचायला दिला होता. १८३५ साली मिलकडच्या मोलकरणीने रद्दी समजून तो जाळला. दुसरी प्रत नव्हती. "त्याने अख्खा खंड पुन्हा लिहिला," संपादक म्हणतात, "आणि तुमचे तर अकराशेच शब्द आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा."

लेखकराव बसतात आणि लिहितात. या वेळी हाताने, पाठकोऱ्या कागदांवर. भाचा तीन तासांत ते टाइप करून देतो. आता तपासण्यासाठी छापील प्रत हवी असते, पण प्रिंटर गेल्या दिवाळीनंतर चाललेला नाही. शाई नळीच्या तोंडाशी सुकून बसली आहे आणि कागदावर फक्त विरामचिन्हांच्या वरच्या बाजू उमटतात. पेनड्राइव्ह घेऊन लेखकराव कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात आणि परत येतात तेव्हा पेनड्राइव्हमध्ये त्यांच्या फायलींच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात. फायली गेलेल्या नसतात. व्हायरसने त्यांना फक्त अदृश्य केलेलं असतं. पण पितृपक्षात घडल्यामुळे लेखकरावांना ते निराळंच काही वाटतं.

शेवटी ते कॉम्प्युटरच्या पडद्याचे मोबाइलने चौदा फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवून देतात. सहाव्या फोटोत त्यांचा अंगठा आहे, अकराव्यात चष्म्याचं प्रतिबिंब. पंधराशे शब्दांऐवजी एकवीसशे भरले आहेत. संपादक तो लेख पुन्हा टाइप करवून घेतात, मग तो कन्व्हर्टरमधून जातो, पेजमेकरमध्ये उतरतो आणि वसुबारसेच्या आधी अंक बाजारात येतो.

लेखाचं नाव होतं 'दऱ्याखोऱ्यांतले दिवस', भीमाशंकरच्या परिसरातल्या भटकंतीविषयी. छापून आलं 'दर्याखोर्यांतले दिवस'. रत्नागिरीच्या एका वाचकांनी आवर्जून पत्र पाठवलं आहे. समुद्राच्या आठवणी फार आवडल्या, फक्त भीमाशंकरला दर्या नेमका कुठल्या बाजूला लागतो एवढं कळवावं, अशी त्यांची विनंती आहे.

मानधनाचा चेक मात्र वेळेवर आला आणि त्यावरचं नाव अगदी शुद्ध होतं. ते हाताने लिहिलेलं होतं.