थंड हवेसाठी दुबई

दंगल उसळली, मोर्चा निघाला किंवा निवडणूक आली की कलम १४४ लागायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अकोल्यात ते उन्हासाठी लागलं. २०२४ च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढून बसला आणि उतरायचं नाव घेईना. तेव्हा जिल्हा प्रशासनानं महिनाअखेरपर्यंत हे कलम लावलं, सकाळी १० ते संध्याकाळी ५ खासगी शिकवण्या भरवू नका म्हणून बजावलं आणि कामगारांसाठी पाणी-पंख्याची सोय करायला सांगितलं. सूर्यावर गुन्हा दाखल झाल्याचं मात्र ऐकिवात नाही.

अशा गावातलं, जठारपेठेतलं एक कुटुंब सुटीसाठी वाळवंटात जायचं म्हणतं, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारायचं ते विचारलंच : "दुबईले बी ऊनच हाय ना? मंग पैसे देऊन काहून जाऊन राह्यले?"

प्रश्न बिनतोड. पण घरातल्या शाळकरी पोरानं मोबाइलवर आकडे काढले आणि शेजारी गप्प झाले. मे महिन्यात दुबईचं सरासरी कमाल तापमान अडतीस-एकोणचाळीसच्या आसपास असतं, अकोल्याचं बेचाळीसच्या घरात. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर अकोलेकरांसाठी दुबई हे थंड हवेचं ठिकाण आहे. त्यात तिथले बसथांबेसुद्धा वातानुकूलित. शिवाय 'मॉल ऑफ द एमिरेट्स'मध्ये २००५ पासून छताखाली बर्फाचा उतार आहे, आतलं तापमान शून्याच्याही खाली. चिखलदरा आपल्या हक्काचा, तिथं जाताना व्हिसा लागत नाही हेही खरं. पण मे महिन्यात बर्फाची हमी चिखलदराही देत नाही.

इथं घरातल्या मोठ्या काकाजींनी तोंड उघडलं. काकाजी मूळचे पूर्णाकाठच्या खेड्यातले, आयुष्य अकोल्यात गेलेलं. हवामानाच्या बाबतीत ते एकाच यंत्रावर विश्वास ठेवतात, आणि ते म्हणजे कुलर. टिनाचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, वरून टिपटिप पाणी सोडणारा मोटरपंप आणि मधोमध खडखडणारा पंखा. दर एप्रिलमध्ये ताट्या बदलायचा मान त्यांचा. त्यांनी विचारलं, "तिथं कुलर चालते काय?"

नाही चालत. हवा कोरडी असली की ती ताटीतलं पाणी पिते आणि स्वतः गार होते. वऱ्हाडचा उन्हाळा त्यामुळेच सोसवतो. दुबई समुद्राकाठी. तिथली हवा आधीच पाण्यानं तट्ट भरलेली, ती ताटीतलं पाणी कशाला पिईल? तिथं कुलर लावला तर खोलीत फक्त ओल आणि आवाज. गार मॉलमधून बाहेर पाय ठेवला की चष्म्यावर वाफ धरते आणि अडतीस अंश अकोल्याच्या त्रेचाळीसवर भारी पडतात. खुद्द तिथलं सरकारच १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी घालतं. फुलांचं प्रसिद्ध मिरॅकल गार्डन उन्हाळ्यात बंद, ग्लोबल व्हिलेज बंद. मे-जूनचं पॅकेज एवढं स्वस्त का, त्याचं कोडं इथं सुटतं.

मग थंडीत जा, असं पुण्या-मुंबईचा माणूस सहज म्हणेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुबईची हवा खरोखर झकास असते. नेमका तेव्हाच वऱ्हाडात कापूस वेचायला येतो, पाठोपाठ तूर, आणि उरलेल्या तारखांना लग्नं. शाळांचं गणित आणखी निराळं. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. म्हणजे सुटी लांबलचक, पण ती सगळी चुकीच्या महिन्यांत. शेवटी दिवाळीनंतरचा तिसरा आठवडा ठरला आणि पॅकेजचा आकडा एका फटक्यात फुगला.

जायचं कुठून, यावरून दोन शहरांचं जुनं वैर जागं झालं. अमरावतीच्या जावईबापूंचा आवाज हल्ली चढा असतो, कारण १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला विमान सुटतं. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी ब्रिटिशांच्या काळापासून आहे. पण तिची लांबी वाढवायचा विषय निघाला की बाजूला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन येत आली आणि चर्चा तिथंच थांबत आली. "आमच्याकडे विमान येते, तुमच्याकडे सर्व्हे येते," असं जावईबापू म्हणाले. सासरेबुवांनी ते ऐकून घेतलं आणि शांतपणे एवढंच सांगितलं, की बरोबर एक वर्ष आधी, १६ एप्रिल २०२४ ला, दुबईचा विमानतळ पाण्याखाली होता. एका दिवसात वर्षभराहून जास्त पाऊस कोसळला, धावपट्टीवरची विमानं तळ्यात उभी दिसत होती. "विमानतळ असला म्हणजे झालं नाई, नाल्याबी लागतात बाप्पा." अखेर सगळ्यांनी नागपूर मान्य केलं. तिथून शारजाला थेट विमान आहे, आणि शारजाला उतरलं की दुबई शेजारीच.

कागदपत्रांत आत्याबाई अडकल्या. त्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा. २०२२ च्या नोव्हेंबरात अमिरातीनं एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक घेणं बंद केलं. पुढं दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत दिली. आत्याबाईंना त्यांचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी परदेशवारीसाठी तेच कामाला आले.

खरी झटापट सामानावरून झाली. दिवाळीनंतरचा प्रवास म्हणजे डब्यात अनारसे आलेच, आणि अनारशाला खसखस. अमिरातीत खसखस हा अमली पदार्थ मानला जातो. दोन-चार दाण्यांनीही माणूस गोत्यात येऊ शकतो. आत्याबाईंचा यावर विश्वास बसेना. ज्या वस्तूशिवाय अधिकमासात जावयाचा मान होत नाही, तिच्यासाठी पोलीस येतात हे त्यांना पटायला दोन संध्याकाळी लागल्या. मग घरच्या गरम मसाल्याची बरणीही संशयावरून बाजूला झाली, कारण त्यात काय काय भाजून घातलंय ते कुणालाच खात्रीनं सांगता येईना. खोकल्याचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको, कारण त्यात कोडीन असलं तर भानगड. आणि धाकट्या भाऊंचा तंबाखू-सुपारीचा खर्रा? खर्रा बॅगेत नाही, खिशात नाही, गालातही नाही. भाऊ तेव्हापासून "आपल्याले काई दुबईचा शौक नाई" असं म्हणू लागले.

मसाल्याची चिंता तशी फुकटच होती. दुबईच्या 'बर दुबई' भागात मराठी मसाल्याला तोटा नाही, आणि त्यात विदर्भाचा हात आहे. 'मसाला किंग' म्हणून ओळखले जाणारे धनंजय दातार यांच्या बालपणाचा काही काळ विदर्भातल्या शिरखेडला आजीकडे गेला. १९८४ च्या सुमारास ते वडिलांच्या छोट्याशा किराणा दुकानात मदतीला दुबईत पोहोचले; त्याच दुकानातून 'अल अदील'च्या दुकानांची साखळी उभी राहिली. हे कळल्यावर आत्याबाईंचं समाधान होण्याऐवजी नवा प्रश्न उभा राहिला : "मंग आपण नेमकं काय पाहायले जाऊन राह्यलो?"

दिरहमचा भाव ऐकून सासरेबुवा हळहळले. एकेकाळी दुबईत आपलाच रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या होत्या. १९६६ मध्ये दुबईच्या समुद्रात तेल सापडलं, त्याच वर्षी इकडे रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईनं रुपयाला रामराम ठोकला. आता एका दिरहमला वीसहून जास्त रुपये मोजायचे. त्यामुळं दंडाची यादी वाचताना घर गंभीर होतं. मेट्रोत काही खाल्लं तर १०० दिरहम. झेब्रा सोडून रस्ता ओलांडला तर ४००. अकोल्याच्या टिळक रोडवर गाय, ऑटो आणि भाजीची गाडी यांच्यामधून वाट काढत मोठे झालेल्या माणसांसाठी ही दुसरी रक्कम पॅकेजमध्ये आधीच धरलेली बरी, असं सुनबाईंनी सुचवलं.

सोनं आणायचा बेतही असाच वितळला. पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येतात हे खरं, पण वर्षभराहून जास्त परदेशात राहिलं असेल तर. पाच दिवसांच्या पाहुण्याला ही सवलत नाही. घरातल्या बायकांनी वर्षभर राहायची तयारी दाखवली. पुरुषांनी विषय बदलला.

बुर्ज खलिफाचं तिकीट काढायचं ठरलं आणि प्रवासाची तारीख संकष्टीला येते हे कळलं. ही इमारत ८२८ मीटर उंच. वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळतो, म्हणून ऐंशीच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं आणि दीडशेच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं उशिरा सोडावा, असं २०११ मध्ये दुबईच्या मुफ्तींनी सांगितलं होतं. पोरानं लगेच उलटं गणित मांडलं : सूर्य उशिरा मावळतो तर चंद्र लवकर दिसेल. म्हणजे १२४ व्या मजल्यावर आत्याबाईंचा उपास खालच्यांपेक्षा दोन-तीन मिनिटं आधी सुटेल. एवढ्या सवडीसाठी माणशी हजारो रुपये मोजावेत का, यावर मतभेद झाले. आत्याबाई मात्र लिफ्टनं जायला एका पायावर तयार होत्या.

या सगळ्यात काकाजींनी एकच मागणी धरून ठेवली होती. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाण्याची शेकडो गावं खारपाणपट्ट्यात येतात. विहीर खोदा, बोअर मारा, वर येतं ते खारं पाणी. ना धड पिकाला, ना धड पोटाला. काकाजींचं बालपण दुरून आणलेल्या पाण्यावर गेलं. आणि दुबईत नदीच नाही, पावसाचा भरवसा नाही, तरी नळ उघडला की गोडं पाणी, कारण जेबेल अलीला समुद्राचं पाणी गोडं करणारा जगातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक प्रकल्प आहे. काकाजींना बुर्ज नको, वाळूतली जीपगाडी नको, संध्याकाळचा बेली डान्स तर त्यांनी यादीतून स्वतःच्या पेनानं खोडला होता. त्यांना ते खारं पाणी गोडं होताना पाहायचं होतं.

ट्रॅव्हल्सवाल्यानं आपला छापील कार्यक्रम पुढं केला. तिसऱ्या दिवशी दुपारी चार तास मॉलमध्ये मोकळे.

"ह्या चार तासांत नेऊन आना तिथं," काकाजी म्हणाले.

"काकाजी, तो कारखाना आहे. तिथं शॉपिंग नसते."

"म्हनूनच तं म्हनून राह्यलो."