विरार फास्टमध्ये की विरार फास्टवर?

मराठीतले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे चिकटते, इंग्रजीतले नामाच्या आधी येते. वसई-विरारमधल्या स्पोकन इंग्लिश क्लासांची बरीचशी फी या जागाबदलावरच निघते.

पहिला प्रश्न ठरलेला: कारमध्ये 'इन', मग ट्रेनमध्ये 'ऑन' का? पुस्तकी उत्तर असे की ज्या वाहनात उभे राहता येते, चालता येते, तिथे 'ऑन'. सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये उभे राहता येते. चालण्याचे काम गर्दी परस्पर करते. दारातल्या दांड्याला लटकलेल्याला मात्र 'इन' म्हणणे कोणत्याच व्याकरणात बसत नाही. नालासोपाऱ्यात चढणाऱ्याला तर आधी क्रियापद जमवावे लागते, अव्यय नंतर.

'सिन्स' आणि 'फॉर' यांचा घोळ 'पासून'ने घातला. आठ वाजल्यापासून गाडी नाही, तिथे 'सिन्स'; दोन तासांपासून पाणी नाही, तिथे 'फॉर'. मराठीला दोन्हीकडे एकच 'पासून' पुरते, म्हणून 'सिन्स टू अवर्स' सर्रास. 'डिस्कस'नंतरचे 'अबाउट' आणि 'रीच'नंतरचे 'टू' हे विनातिकीट प्रवासी. 'मॅरिड विथ' म्हटले की इंग्रज पुढे मुलांची संख्या ऐकायला थांबतो.

व्याकरणाशी या भागाचे नाते जुने. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले. हे आडनाव वसईजवळच्या तर्खडचे. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. आता मोबाइलवर तीस सेकंदांचे धडे असतात. 'दि' कधी लावायचा, ते पुढच्या भागात.