टाकीतल्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. डिझेल सेन्सर साहेब,
मु. टिप्परची टाकी, झाकणाशेजारी, जि. भंडारा

विषय : ‘इंधन चोरी’ या आपल्या अलर्टबाबत खुलासा

साहेब,

आपली नेमणूक झाली तो दिवस यार्डातल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. टाकी पूर्ण उपसली, वरून भोक पाडलं, टाकीच्या उंचीएवढी कापलेली दांडी आत सोडली. मग मिस्त्री वीस-वीस लिटर डिझेल ओतत आणि दर खेपेला मोबाइलवर आकडा नोंदवत अर्धा दिवस बसला. एवढ्या लाडानं इथं कोणाची भरती झालेली नाही. आम्हाला फक्त विचारलं होतं, “लायसन हेवीचं आहे ना? मग चढ.”

आपली विद्या मोठी. डिझेल आणि हवा यांची वीज धरून ठेवायची ताकद वेगवेगळी असते, त्यावरून दांडी कुठवर तेलात बुडाली हे आपण ओळखता. म्हणजे खरं पाहता आपल्याला कळते ती तेलाची उंची. लिटर हा त्यावरून बांधलेला अंदाज. ही बारीक गोष्ट मालकांना कोणी सांगितली नसावी, कारण ते आम्हाला मोबाइल दाखवतात तेव्हा दशांशासकट दाखवतात.

मे महिन्यातलं भंडाऱ्याचं ऊन आपण आत बसून सोसलंच आहे. डिझेल तापलं की फुगतं. एका अंशाला हजार लिटरमागे पाऊण लिटरच्या थोडं वर. ३०० लिटरची टाकी दिवसभर तापली, त्यात इंजिनाकडून परत येणारं गरम तेल मिसळलं आणि पहाटेपर्यंत ती पंधरा अंशांनी निवली, की साडेतीन लिटर कुठंही न जाता कमी होतात. त्यातच गाडी घाटाच्या उतारावर, तोंड वैनगंगेकडे करून उभी. आपली दांडी मधोमध न बसवता कडेला बसवलेली. तेल पुढं सरकलं, आपण उघडे पडलात आणि अपरात्री मालकांचा मोबाइल वाजला. तेव्हापासून आमच्यात चोराचा शोध चालू आहे. मला विचाराल तर सूर्य मावळला, त्याचा यात हात आहे. दुसऱ्या दिवशी गाडी सपाटीवर, उन्हात उभी असताना तेच डिझेल गुपचूप टाकीत परत आलं. त्याचा अलर्ट काही वाजला नाही. तापमानाचा हिशेब ठेवणारे आपले भाऊबंद बाजारात मिळतात, पण ते महाग. चोर स्वस्त पडतो.

आता जे खरं ते. डिझेल निघत होतं, साहेब. नाही म्हणणारा ड्रायव्हर एमएच-३६ मध्ये सापडायचा नाही. पण ते कसं निघायचं हे दांडीला कळायचं नाही, म्हणून सांगतो. मालक ॲव्हरेज बांधून द्यायचे, भरल्या गाडीला इतकं, रिकामीला इतकं, आणि त्या हिशेबानं डिझेल मिळायचं. गिअर जपून टाकला, टायरात हवा पाहिली, उगाच रेस दिली नाही, की काहीतरी उरायचं. उरलं ते आमचं. मालकांना हे ठाऊक होतं. पगार ठरवताना तेच म्हणायचे, “पगार कमी आहे भाऊ, पण वरचं निघते ना.” वरचं म्हणजे हेच. ते कुठल्या कागदावर नव्हतं, तरी पगाराचाच भाग होतं. पोरांच्या वह्या त्यातून यायच्या आणि रस्त्यातलं पंक्चरही त्यातूनच निघायचं. आपण आलात आणि वरचं बंद झालं. खालचं होतं तिथंच आहे. सौदा दोघांचा होता, मोडला तो एकाच बाजूनं.

आमच्यातही पाइप घालून कॅन भरणारे होते. त्यांची वकिली मी करत नाही. पण किती लिटर एकदम गेले म्हणजे आपण ओरडता, हे सगळ्यांत आधी शिकले ते हेच लोक. ते त्याच्या आत राहून थोडं थोडं काढतात. सापडतो तो उतारावर गाडी लावणारा.

आमच्या एसटीवाल्यांकडेही ॲव्हरेज असतं. ते त्याला के.पी.टी.एल. म्हणतात, दहा लिटरला किती किलोमीटर. एकेका लिटरवर माणूस तोलणं महामंडळाला बरं वाटलं नसावं. आणि आगारात निदान वर्कशॉप असतं, बसचीही चौकशी होऊ शकते. आपल्याकडे फक्त ड्रायव्हरची होते. गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये गिअरबॉक्स बनतात, आणि त्याच जिल्ह्यात गिअर टाकण्याबद्दल आपलं सॉफ्टवेअर आम्हाला शंभरपैकी बेचाळीस मार्क देतं.

आपल्या सॉफ्टवेअरात चोरीखेरीज आणखी पानं आहेत, असं मिस्त्री सांगत होता. ‘आयडलिंग’चं एक पान आहे. धानाच्या हंगामात भरडाईच्या गाड्यांची गोदामापुढे रांग लागते. पुढची गाडी हातभर सरकली की आपण सरकायचं. मोठं इंजिन जागेवर उभं राहून तासाला दोन-अडीच लिटर सहज पितं. एका क्विंटल धानामागे सरकारला ६७ किलो तांदूळ मोजून लागतो. रांगेत जळलेलं डिझेल मोजून मागणारं कोणी नाही. टिप्परचा डाला वर करायचा तर जॅकही इंजिनावरच चालतो. गाडी उभी, किलोमीटर शून्य, खर्च चालू, आणि आपला शेरा : ड्रायव्हर निष्काळजी.

ओल्या रेतीचं काय सांगू? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, कोरडी असली तर साडेचार टनांच्या आसपास. नदीतून पोकलेननं नुकतीच उपसलेली असली तर वरचं पाणी फुकट वाहायचं. २०१८ मध्ये दहाचाकी गाडीचं मान्य एकूण वजन २५ वरून साडेअठ्ठावीस टन झालं, तरी मालकांच्या मनातली गाडी त्याहून मोठीच राहिली. ॲव्हरेज पडलं की लाल रंग आमच्या नावापुढे. वजन सांगणारा सेन्सरही मिळतो. तो त्यांनी घेतला नाही. घेतला असता तर तो त्यांच्याविरुद्धच बोलला असता.

एक पान तर अजून कोणी उघडलेलंच नाही. इंजिन किती वाजता चालू झालं, किती वाजता बंद झालं, हे आपण सेकंदासकट लिहून ठेवता. आमच्या तासांचा कायदा जुना, मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ चा. २०२५ पर्यंत तो पाच किंवा अधिक माणसं कामाला असली की लागू व्हायचा, आणि दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास असं सांगायचा. इतकी वर्षं आमचे तास कोण मोजणार, हा प्रश्न होता. मालक म्हणत गाडी ढाब्यावर उभी होती, आम्ही म्हणत असू चालू होती. आता आपण साक्षीदार आहात, तेही खोटं बोलता न येणारे. ठरलेल्या तासांनंतर अलर्ट वाजवायची सोय आपल्यात आहे म्हणतात. आमच्या यार्डात ती बंद करून ठेवली आहे, मालकांची झोप मोडू नये म्हणून. चार लिटरांसाठी मोडली तर चालते.

आपले एक सरकारी चुलतभाऊ कॅबिनमध्ये राहतात. रेतीच्या गाड्यांना २०२२ पासून जीपीएस सक्तीचा झाला, तेव्हापासून ते सरकारच्या ‘महाखनिज’ प्रणालीशी बोलतात, आमच्याशी नाही. रॉयल्टीच्या पासावर गाडीचा नंबर असतो, किती ब्रास ते असतं आणि किती वाजेपर्यंत पोचायचं तेही असतं. उशीर झाला तर हक्काची रेती चोरीची ठरते. उशीर होऊ नये म्हणून गाडी हाणली तर आपण ‘ओव्हरस्पीड’ लिहिता. दोघा भावांनी एकदा एकत्र बसून ठरवावं. २०२३ मध्ये सरकारनं ६०० रुपये ब्रासनं रेती द्यायची ठरवली; तेव्हा रेती स्वस्त झाली, तिला आणणारं डिझेल नाही झालं, आणि घासाघीस करायला गिऱ्हाइकाला ड्रायव्हर तेवढा समोर दिसायचा. आमची गाडी अडवणाऱ्या साहेबांच्या जीपला मात्र अजून लॉगबुक आहे. महिनाअखेरीला ते एका बैठकीत, एकाच पेनानं भरलं जातं म्हणतात. तिकडे बदली मागून घ्या. काम भरपूर आहे.

मागणं मोठं नाही. वरचं बंद केलं तर खालचं वाढवा, एवढं मालकांना कळवावं. आपल्याला त्यांच्या मोबाइलवर थेट बोलता येतं, आम्ही फोन केला तर ते मीटिंगमध्ये असतात. आणि कळवताना तासांचं पानही सोबत जोडावं.

पासाला चाळीस मिनिटं उरली आहेत आणि मध्ये रेल्वे फाटक आहे, तेव्हा पत्र आवरतो. वेग वाढेल. त्याची नोंद आपण घ्यालच.

आपला नम्र,
एक ड्रायव्हर, एमएच-३६

प्रत : मालकांना. ‘इंधन चोरी’ असा मथळा देऊन पाठवावी, म्हणजे लगेच उघडतील.